कुलूप बाहेर, किल्ल्या आत

मी एक जुना जुडगा आहे, चार किल्ल्यांचा. मित्रांनो, आज मी तुमच्याशी जरा रागाने बोलणार आहे आणि त्याबद्दल मला मुळीच वाईट वाटत नाही.

माझी मालकीण कपडे शिवते. सगळी गल्ली तिला शिवणमावशी म्हणते. तिला न पाहताही, नुसतं मला हातात घेतलंत तरी ती कशी आहे ते तुम्हाला कळेल. माझी कडी तिने एका फाटक्या पिशवीच्या पट्ट्यातून काढली, कारण चांगली वस्तू फेकणं तिला जमत नाही. दुकानाच्या शटरची किल्ली जराशी वाकली आहे. शटर अडलं की मावशी कुणाला हाक मारत नाही, किल्लीलाच हिसका देते. घराच्या कुलपाच्या किल्लीला लाल दोरा गुंडाळलेला आहे. काखेत कपड्यांचा गठ्ठा असताना ती चाचपून सापडावी, म्हणून. इवलीशी किल्ली मशीनच्या खणाची. त्या खणात तिची कात्री असते आणि त्या कात्रीने कागद कापणाऱ्याची ती गय करत नाही.

चौथी किल्ली तिची नाहीच. ती वरच्या मजल्यावरच्या शेजारणीची. "मावशी, तुमच्याकडे असली की मला घोर नाही," असं म्हणून तिने ती दिली होती.

कितीतरी वर्षं मी मावशीच्या कमरेला वाजत राहिलो. माझा आवाज आला की समोरचा इस्त्रीवाला म्हणायचा, "चला, दुकान उघडलं."

मग एके दिवशी मावशी दुकानाच्या पायरीवरून घसरली. उजवं मनगट मोडलं, प्लास्टर चढलं.

तिचा मुलगा वाईट नाही. दवाखान्यात तो तिच्या उशापासून हलला नव्हता. पण घरी आल्यावर त्याने हात पुढे केला.

"आई, किल्ल्या दे इकडे. दुकान आता पुरे झालं."

"राहू दे की माझ्याजवळ."

"कशाला? तुला आता कुठे जायचंय?"

हे वाक्य मला अजून टोचतं. कुठे जायचंय म्हणजे काय? ती तर रोज जातच होती.

त्याने मला आपल्या टेबलाच्या खणात टाकलं. तिथे संपलेले सेल होते, दांडी तुटलेला चष्मा होता, कुठल्या फोनचा ते कुणालाच ठाऊक नसलेला चार्जर होता. आणि दुसऱ्या दिवसापासून तो ऑफिसला निघताना दाराला बाहेरून कुलूप लावू लागला. का, तर आई रस्त्यात पुन्हा पडू नये. जिच्या भरवशावर शेजारीण आपलं घर सोडून जाते, तिला तिच्याच घरात कोंडायचं आणि वर त्याला काळजी म्हणायचं!

मावशीने मला शोधलं नाही. दुसऱ्याच्या खणात हात घालायचा नाही, हे तिनेच मुलाला शिकवलं होतं.

एका दुपारी खिडकीचे गज कुणीतरी जोरजोरात हलवले. शेजारीण होती.

"मावशी, कचरा टाकायला बाहेर आले आणि दार ओढलं गेलं. बाळ आत आहे. गॅसवर दूध आहे. किल्ली द्या लवकर."

मावशी दाराकडे धावली आणि थबकली. दार बाहेरून बंद होतं. मग तिने डाव्या हाताने एकेक खण ओढायला सुरुवात केली. मी सापडताच गजांतून मला बाहेर दिलं. शेजारीण जिना चढू लागली आणि मावशी छताकडे कान लावून उभी राहिली. बाळ रडत होतं. थोड्या वेळाने ते थांबलं.

दूध करपलं होतं, पातेलं काळं झालं होतं. बाळाला काही झालं नव्हतं. त्याला कडेवर घेऊन शेजारीण खाली आली, तेव्हा तिने दाराचं कुलूप पाहिलं.

"हे कुणी लावलं?"

मावशीने गजांतून लाल दोऱ्याकडे बोट दाखवलं. शेजारणीने लाल दोऱ्याची किल्ली फिरवली आणि दार उघडलं. मावशीने चपला घातल्या.

संध्याकाळी मुलगा धापा टाकत दुकानात आला. मावशी डाव्या हाताने एका झग्याचा धावदोरा उसवत बसली होती.

"आई, किती घाबरलो मी."

"मीही घाबरले होते, दुपारी. वर बाळ रडत होतं आणि माझ्या दाराला तुझं कुलूप होतं."

तिने सगळं सांगितलं. तो स्टुलावर टेकला.

"पण तू पुन्हा पडलीस तर?"

"तर पडेन. तू येशील, उचलशील. पण मला कोंडू नकोस."

त्याने खिशातून आपली किल्ली काढून मशीनवर ठेवली. मावशीने ती परत त्याच्याकडे सरकवली.

"ही ठेव तुझ्याजवळ. घर तुझंही आहे."

मित्रांनो, तुमच्या घरातलं कुणी आजारी पडेल, कुणी थकेल. त्यांचा हात धरा, औषध द्या, सोबत चाला. पण त्यांच्या हातातल्या किल्ल्या घेण्याआधी त्यांना विचारा. आणि ते 'नाही' म्हणाले, तर तेही ऐकून घ्या.

मुलगा आता सकाळी दार नुसतं लोटून घेतो आणि "आई, येतो," म्हणतो. माझा राग मात्र अजून पुरता गेलेला नाही.