गाऱ्हाणेकराचा कोंबडा

सिद्धेश परब चार वर्षं दर रविवारी दुपारी दुसऱ्यांच्या जखमा बांधत होता. बोरिवलीत अक्षताच्या घरी चौघं जमायची. अक्षता गोष्ट चालवायची. जंगल, राक्षस, वादळ सगळं तिच्या तोंडून. बाकीची तिघं एकेक पात्र घेऊन त्या गोष्टीत उतरायची, आणि ठरवलेलं जमलं की फसलं ते फासे सांगायचे. पात्राच्या पेशाला ही मंडळी क्लास म्हणत. हर्षद कायम योद्धा व्हायचा, श्रुतिका चोर, आणि टोळीत कोणीतरी वैद्य लागतोच म्हणून सिद्धेश वैद्य. लढाई रंगात आली की हर्षद मागे न बघता म्हणायचा, "सिद्ध्या, जरा माझं बघ."

शेवटी सिद्धेशने स्वतःचाच क्लास लिहायला घेतला. तीन आठवडे खपून त्याने अकरा पानं केली. क्लासचं नाव गाऱ्हाणेकर. कणकवलीजवळ त्याच्या गावी जत्रेत एकजण देवापुढे गाऱ्हाणं घालतो आणि प्रत्येक मागणीवर जमलेला गाव "व्हय म्हाराजा" म्हणतो, तेच त्याने खेळात आणलं होतं. गाऱ्हाणेकराने मागायचं, सोबत्यांनी होकार भरायचा, आणि मागितलेलं घडायचं.

श्रुतिकाला ते झकास वाटलं. हर्षदने पेन मागितलं. तो मालाडच्या एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासायचा. दुसऱ्याने केलेल्या कामात भोक सापडलं की त्याला जेवण गोड लागायचं.

"समोरच्याची वाट लाव, असं गाऱ्हाणं घातलं तर?" त्याने विचारलं. "लढाई खलास. मग आम्ही इथे काय करायचं?"

पुढचे दोन रविवार खेळ झालाच नाही, नुसती घासाघीस झाली. अक्षताने ठरवलं, दिवसाला एकच गाऱ्हाणं. श्रुतिकाचं म्हणणं, देवाकडे फुकट कसं मागायचं, नवस बोलायला हवा. सिद्धेशने दोन्ही कबूल केलं. तरी हर्षदचं समाधान होईना. योद्ध्याने वीसदा तलवार चालवायची आणि हा एका वाक्यात काम उरकणार, हा कुठला न्याय? सिद्धेशने त्याला विचारलं, चार वर्षं मी तुझ्या जखमा भरल्या, त्या कधी मोजल्यास का? त्यानंतर आठवडाभर दोघं ग्रुपवर एकमेकांना फक्त अंगठे दाखवत होते.

मग हर्षदने शेवटची अट काढली. जितके सोबती, तितके होकार आले पाहिजेत. एक जरी कमी पडला तरी गाऱ्हाणं वाया. अक्षताने ती लाल शाईने पानावर लिहिली आणि विषय बंद केला.

तिसऱ्या रविवारी टोळी एका खाडीत उतरली. चिखलातून बसएवढा खेकडा वर आला आणि दुसऱ्याच फेरीत त्याने हर्षदच्या योद्ध्याला आडवं केलं. अक्षताने सांगितलं, तो बेशुद्ध आहे, फार वेळ टिकणार नाही.

सिद्धेश उठून उभा राहिला. गाऱ्हाणं बसून घालत नाहीत. त्याने हात जोडले, कोंबड्याचा नवस बोलला आणि योद्ध्याला उठव म्हणून मागणं केलं. श्रुतिकाने मोठ्याने "व्हय म्हाराजा" म्हटलं. सगळे हर्षदकडे बघू लागले.

"मी बेशुद्ध आहे," तो म्हणाला. "बेशुद्ध माणूस होकार कसा देणार?"

श्रुतिकाने मुद्दा काढला की बेशुद्ध माणूस सोबती नसतोच, तो सामान असतो, त्यामुळे एकच होकार पुरे. हर्षदला तो सामान शब्द लागला, पण त्याहून जास्त नियमाला दिलेली बगल लागली. नियमात बेशुद्धाला सूट असल्याचं कुठे लिहिलंय, दाखवा, असं तो म्हणत राहिला. पाऊण तास तो स्वतःच्या मरणाच्या बाजूने तावातावाने भांडला. अक्षताने त्याला समजावलं की अशाने तू मरशील. नियमाने मरेन, तो म्हणाला.

सिद्धेशला काय वाटलं कोण जाणे, त्याने तेच अडकलेलं गाऱ्हाणं पुरं करायला पुन्हा हात जोडले. या वेळी आवाज गावचा लागला.

"बा देवा म्हाराजा, ह्या तुझ्या लेकराक चिखलातून उठव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

आवाज आतल्या खोलीतून आला होता. अक्षताचे बाबा, काशीरामकाका, तेही मूळचे कोकणातलेच, जेवून आडवे झाले होते. कानावर गाऱ्हाणं पडलं आणि त्यांच्या तोंडून झोपेतच होकार निघाला.

अक्षताने लाल शाईचं वाक्य वाचून दाखवलं. जितके सोबती, तितके होकार. सोबती दोन, होकार दोन, एक श्रुतिकाचा आणि एक बाबांचा. होकार कोणी द्यायचे, ते लिहिलेलं नव्हतं. हर्षदने पान ओढून घेतलं आणि दोनदा वाचलं.

"भोक आहे," तो हळूच म्हणाला. "माझ्याच नियमात." मग त्याने मुकाट्याने फासे उचलले, कारण त्याचा योद्धा उठून बसला होता.

तेवढ्यात काशीरामकाका बनियनवर बाहेर आले. नवस कसला बोललात, ते त्यांनी विचारलं. कोंबड्याचा, पण खेळातला, असं सिद्धेशने सांगितलं.

"देवाक काय म्हायत, तुमी खेळतास ता?" काका म्हणाले. "मी व्हय म्हटलंय. आता तो फेडूक व्हयो."

सिद्धेशने अकरा पानं उलटीपालटी केली, पण देवाला खेळ कळवायची सोय त्यात कुठेच नव्हती. काकांशी वाद घालायची कोणाची छाती झाली नाही.

घरी आईला हे सगळं समजावताना सिद्धेशचा अर्धा तास गेला. खाडी, खेकडा, क्लास यातलं रत्नप्रभाबाईंना काही कळलं नाही. हर्षद फार आजारी होता आणि नवसाने उठला, एवढं मात्र नीट कळलं. पुढच्या रविवारी नवस फेडायला त्यांनी कोंबडी-वड्यांचा मोठा डबा भरून दिला. हर्षदसाठी वेगळा डबा होता. त्यात मऊ पेज आणि भाजलेला पापड.

सगळे वड्यांवर तुटून पडले असताना हर्षदचा फोन वाजला. रत्नप्रभाबाई विचारत होत्या, पोटात काही राहतंय ना रे?

"हो काकू," हर्षद म्हणाला आणि पेजेत चमचा घातला.