स्टेपनीचे सोळा किलोमीटर

मित्रांनो, मी एका पिकअपची स्टेपनी आहे, म्हणजे तिचं पाचवं चाक. तुम्ही गाडीची चार चाकं मोजता आणि थांबता. पाचवं बघायला खाली वाकावं लागतं, आणि एवढं वाकतं कोण?

सहा वर्षांपूर्वी साताऱ्याच्या शोरूममधून आम्ही पाचही जण एकाच दिवशी बाहेर पडलो. सगळे एकाच मापाचे. चौघं रस्त्याला लागले आणि मला साखळीनं गाडीच्या पोटाखाली आडवं टांगलं. तासगावजवळच्या आमच्या मालकाच्या, शिवतेजच्या घरापर्यंत रस्ता माझ्या खालून सारखा पळत होता. हातभर अंतरावर होता, पण मला शिवत नव्हता.

नव्या टायरच्या अंगावर रबराचे बारीक केस असतात, तान्ह्या बाळाच्या जावळासारखे. चार दिवस रस्त्यावर पळालं की ते झिजून जातात. माझे तसेच राहिले. माझ्या भावांनी द्राक्षांचे क्रेट वाहिले, बेदाणा वाहिला, एकदा तर वरातही वाहिली. पंक्चर व्हायचं तेही नेमकं गावात, दुकानाच्या दारात. तिथल्या तिथे निघायचं. माझी गरजच पडायची नाही. कुणाचं वाईट व्हावं असं मला कधी वाटलं नाही, पण खडीचा आवाज आला की माझा जीव कासावीस व्हायचा, हे खरं.

यंदा जानेवारीत बागेच्या वाटेला सांडलेल्या पाण्यानं चिखल झाला आणि गाडीचं पोट त्यात टेकायला लागलं. म्हणून शिवतेजनं मोठ्या मापाचे टायर घालायचं ठरवलं. तासगावात मौलाचाचांचं टायरचं दुकान आहे. त्यांनी माझे चौघे भाऊ उतरवले आणि त्यांच्या जागी रुंद, उंच टायर बसवले. गाडी दोन बोटं वर उठली.

"शिवतेज, पाचवी बी ह्याच मापाची घे," चाचा म्हणाले. "ही आता कुणाच्या जोडीला लागायची न्हाई."

"चाचा, ती कवा जमिनीला लागलीया? लटकतीया, लटकू दे."

"लटकू दे तर लटकू दे. पर हवा तरी भरू दे मला. बोलत न्हाई म्हणून उपाशी ठिवायची व्हय?"

चाचांनी माझ्यात हवा भरली. माझे भाऊ एका ऊसवाल्याच्या बैलगाडीला गेले. त्या दिवसापासून त्या गाडीवर माझ्या मापाचं कुणी उरलं नाही. आता वाट तरी कशाची बघायची, असं वाटायचं.

एप्रिलमध्ये शिवतेजचा थोरला भाऊ सिद्धू महिन्याच्या सुट्टीवर आला. तो सैन्यात गाड्या चालवतो. आमच्याकडचे जवान सुट्टीवर येतात ते विसाव्याला नाही, बागेच्या कामाला. सिद्धूनं द्राक्षांची छाटणी उरकली, मांडवाच्या तुटलेल्या तारा काढून नव्या ओढल्या. जुन्या तारांचे तुकडे वाटेवरच पडून राहिले. घाईत ते कुणी वेचलेच नाहीत.

"सुट्टी बागेनं घेतली," त्याची बायको प्रांजल एकदा म्हणाली. "आमच्या वाटणीला काय आलं? धुवायचे कपडे."

सिद्धू हसला. त्यांची मुलगी क्रांती आठ महिन्यांची होती. तो सुट्टीवर आला तेव्हा ती त्याला बघून रडायची. आता कुठे त्याच्या कडेवर झोपायला लागली होती.

परत जायच्या दिवशी मिरजेहून संध्याकाळची रेल्वे होती. पुढे शिवतेज, सिद्धू आणि बाळाला घेऊन प्रांजल बसली. मागे हौद्यात ट्रंकेला टेकून त्यांची आई हरणाबाई. कवलापूर मागे पडलं आणि डावं मागचं चाक बसलं. त्यात तारेचा तुकडा घुसला होता. सिद्धूनंच मांडवावरून काढलेली तार होती ती.

शिवतेजनं साखळी सोडली. सहा वर्षांनी मी जमिनीवर उतरले. डांबर तापलेलं होतं. मला ते फार आवडलं.

"बारकी हाय की रं ही," सिद्धू म्हणाला.

"चाचा म्हणत हुतं," शिवतेज खाली मान घालून म्हणाला.

"मागं न्हाई चालायची. मागच्या दोन चाकांवर इंजिनाचा जोर, ती एका मापाचीच पायजेत. फुडचं मागं लावू अन् हिला फुडं. बेतानं चालवलं तर जाईल मिरजंपतोर."

"म्हंजे दोन चाकं खोलायची," हरणाबाई वरून म्हणाल्या. "चुकू दे की मग रेल्वे. सरकार काय तुझ्याबिगर बंद पडतंय व्हय?"

"आये, सरकार न्हाई, सायेब बंद करतोय मला."

इस्त्रीच्या कपड्यानं सिद्धू रस्त्यावर गुडघे टेकून बसला. पुढचं चाक मागे गेलं. मग मला पुढच्या डाव्या बाजूला लावलं. बाळाला कडेवर घेऊन प्रांजल त्याच्या शेजारी उकिडवी बसली होती, सुटलेले सहा नट तिनं हातात धरले होते. तो हात पुढे करायचा, ती एक द्यायची. पाच नट बसले. सहाव्याला तिची मूठ उघडेना.

"दे की," तो म्हणाला.

"आन् चुकली रेल्वे तर?"

"उद्या दुसरी हाय. पर माझी सुट्टी आजच संपतीया."

मित्रांनो, त्या मुठीत माझा रस्ता होता. सहा वर्षं मी ज्याची वाट बघितली ते तिनं घट्ट धरून ठेवलं होतं. मला ओरडून मागावंसं वाटत होतं. पण तिच्या कडेवरच्या बाळानं बापाच्या कॉलरला हात घातला होता आणि ते कॉलर सोडत नव्हतं. ते बघितल्यावर माझ्यानं मागवेना.

मग प्रांजलनं मूठ उघडली. नट घामानं ओला झाला होता. सिद्धूनं तो शर्टाला पुसला आणि बसवला.

आणि मी पळाले! बुधगाव, माधवनगर, सांगली, मिरज. सगळे मिळून सोळा किलोमीटर. गाडी माझ्या बाजूला जरा कलली होती, स्टिअरिंग डावीकडे ओढत होतं. शिवतेज दोन्ही हातांनी धरून बेतानं चालवत होता, तरी प्रांजल त्याला सारखी म्हणत होती, "हळू भावजी, बाळ झोपतंय." खडी टोचली, डांबर चिकटलं, वळणावर रबर जळल्याचा वास आला. मिरजेच्या स्टेशनात पोचलो तेव्हा रेल्वेला पाच मिनिटं होती. सिद्धू ट्रंक घेऊन पळत गेला. त्याला मागे वळून बघायला वेळ मिळाला का, ते मला खालून दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी शिवतेजनं चाचांकडून योग्य मापाची स्टेपनी आणली, वाटेवरचे तारेचे तुकडेही वेचले. मी आता चाचांच्या दुकानात भिंतीला टेकून बसलेय. माझ्या मापाची एखादी गाडी येईल, असं चाचा म्हणतात.

मित्रांनो, गाडीचं माप बदलाल तेव्हा पाचव्या चाकाचंही बदला. त्यात हवा भरत जा. घरातही कुणी असंच गप्प राहून वाट बघत असेल, तर अधूनमधून जरा वाकून त्यांच्याकडेही बघा.

त्या दिवशी मिरजेला जाताना, हा रस्ता संपूच नये असं मला सारखं वाटत होतं. परत येतानाही शिवतेज तेवढ्याच वेगानं चालवत होता आणि बाळ झोपलेलं होतं, पण प्रांजल त्याला एकदाही हळू म्हणाली नाही. तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आलं. जाताना तिलाही तेच वाटत होतं.