कमरेपाशी दुहेरी

“कमरेपाशी चामडं दुहेरी घाल, सूनबाई. मागून कुणीतरी धरणारच याला.”

मित्रांनो, मी ऐकलेला हा पहिला आवाज. तो म्हाताऱ्या कारागिराचा होता. मशीनवर बसलेल्या त्याच्या सुनेने माझ्या कमरेला दुहेरी शिवण घातली, दोरा दातांनी तोडला आणि मला खुंटीला अडकवलं. मी आज एक जुना चामडी कोट आहे. तेव्हा मात्र इतका ताठ होतो, की जमिनीवर ठेवलं तर एकटा उभा राहीन.

मला घेतलं एका पत्रकाराने. नवी मोटरसायकल आली, की ती चालवून पाहायची आणि कशी आहे ते मासिकात लिहायचं, हे माझ्या मालकांचं काम. गिऱ्हाईक गाड्यांच्या दुकानात शिरलं, की आधी विचारी, “त्यांनी काय लिहिलंय?” मगच पाकिटाला हात घाली.

मालकांची एक पद्धत होती. प्रत्येक गाडीवर ते बायकोला मागे बसवत. लेखाच्या शेवटी ‘मागच्या सीटवरून’ अशी चौकट असे आणि वाचक आधी तीच वाचत. पण बाईंना ते काही विचारत नसत. “माणूस भिडेखातर बोलतं, मूठ नाही,” असं त्यांचं म्हणणं. बाईंनी मला कमरेपाशी सैल धरलं, की गाडी उत्तम. मूठ आवळली, की सीट निसरडी, ब्रेक कच्चे. मलाही ते पटायचं. मूठ तर माझ्याच अंगावर आवळत होती ना!

त्या मुठीचा दबदबा वाढला. एका कारखान्याने मागच्या सीटला धरायला दांडी बसवली, मग बाकीच्यांनीही. तिथला इंजिनिअर एकदा घरी आला. “वहिनी, तुमच्या मुठीला आम्ही सगळे घाबरतो,” म्हणाला. बाई हसल्या आणि चहा गाळायला वळल्या.

वर्षं गेली. माझी कोपरं पांढरी पडली, चेन अडू लागली. मालकांनी हलकं नवं जॅकेट आणलं आणि मी दाराआडच्या खिळ्यावर गेलो. तिथे मला बुरशी आली, कुणाला दिसलीही नाही.

परवा मालकांनी मला काढून झटकलं आणि अंगात चढवलं. निवृत्तीआधीच्या शेवटच्या लेखाची गाडी दारात उभी होती.

“चल गं.”

“मी नाही येत.”

“गुडघे दुखतात का?”

“गुडघ्यांना काय धाड भरलीय?”

मालक तसेच पायरीवर बसले. “मग चौकट कोरी जाणार. शेवटचीच.”

बाई आत जाऊन तेल आणि फडकं घेऊन आल्या आणि मी मालकांच्या अंगात असतानाच मला पुसू लागल्या. मित्रांनो, जुन्या चामड्याला एवढंच लागतं. त्याला खिळ्यावर विसरू नका. थोडं तेल लावा, हात फिरवत राहा, नाहीतर ते आतल्या आत तडकतं.

“ब्रेक चांगले होते,” बाई म्हणाल्या. “सगळ्याच गाड्यांचे.”

“मग मूठ?”

“तुम्ही फार जोरात चालवता. ज्या गाड्या तुम्हाला उत्तम वाटल्या, त्या पळतच नव्हत्या. आता सोसत नाही मला.”

मालकांनी हातातली किल्ली पायरीवर ठेवली.

“इतकी वर्षं? एकदा तरी बोलायचंस.”

बाईंचा हात माझ्या दुहेरी शिवणीवर थांबला.

“बोलले असते, तर तुम्ही गाडी हळू नसती चालवली. मला घरी ठेवलं असतं. आणि मला तर यायचं होतं.”