तूप नको म्हणायचं कुणी?

मनुबाईंना तुपाची किळस आली ती तिसऱ्या सकाळी, आणि ती त्यांनी कुणाला कळू दिली नाही.

मलकापूरच्या या बाईच्या पायांना दोन वर्षं खाज सुटत होती. कातडी कोरडी पडून भेगाळायची. मलमं झाली, इंजेक्शनं झाली, गुण येईना. शेवटी सून म्हणाली, "आत्या, पंचकर्म करू." सून, म्हणजे माया, आयुर्वेदाची डॉक्टर, नवरा सैन्यात पंजाबला, म्हणून ती सांगलीत स्वतःचा दवाखाना चालवायची. मनुबाई पिशवी भरून सांगलीला आल्या, खोलीत शिरल्या आणि बघतात तर पलीकडच्या खाटेवर विहीण बसलेली!

भामाबाई, मायाची आई, कवठे महांकाळच्या. त्यांचंही दुखणं तेच. एक खोली, एक पेज, एक देखरेख, असा सरळ विचार करून मायानं दोघींना एकदमच बोलावलं होतं. स्वतःच्या लग्नाच्या पंगतीत काय घडलं होतं ते त्या पोरीला ठाऊकच नव्हतं. तिथं मनुबाईंनी भातावर तूप ओतत म्हटलं होतं, "घ्या की ईनबाई, लाजू नका. आमच्यात तूप वाटीनं वाढत्यात." त्यावर भामाबाईंनी पानावर आडवा हात धरला होता. "वाटीनं व्हय? आमच्यात तांब्यानं पित्यात." तेव्हापासून दोघींचं बोलणं 'बऱ्या हाय का' च्या पुढं गेलं नव्हतं.

आणि आता दोघींच्या हातात तुपाचेच पेले!

तूप कसलं, कडू औषधांत शिजवलेलं हिरवट पिवळं रसायन ते. सकाळी उपाशीपोटी प्यायचं, वर गरम पाणी, आणि कडकडून भूक लागली की पातळ पेज. रोज माप थोडं वाढायचं.

"किती दिस प्यायचं गं?" मनुबाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

"ते तुमचं अंग सांगणार, आत्या. कातडी मऊ पडते, पोट सैल होतं, तूप नकोसं वाटायला लागतं. तसं झालं की लगेच सांगा. त्याच्यापुढं एक घोटही द्यायचा नसतो."

माया म्हणाली एवढंच. पण दोन्ही खाटांवर ऐकू आलं ते असं, की हरलात की सांगा.

म्हणून तिसऱ्या सकाळी, पेल्याच्या नुसत्या वासानं आतडी घशाशी आलेली असताना मनुबाई हसून म्हणाल्या, "झकास हाय."

"नकोसं वाटतंय का?"

"छ्या!"

"पोट?"

"दगडागत घट्ट." सकाळपासून त्या तीन डाव पळाल्या होत्या.

मायानं आईकडं मोहरा वळवला. "आई, तुझं काय?"

"मला तर आता गोड लागाय लागलंय," भामाबाई म्हणाल्या, आणि ते ऐकताच मनुबाईंनी आपला पेला एका दमात रिकामा केला.

त्या दिवशी मनुबाईंना पिवळं म्हणून काही बघवेना. खिडकीतून हळदीच्या पोत्यांचा टेम्पो दिसला, त्यांनी तोंड फिरवलं. प्यालेलं तूप जणू कातडीतून पाझरत होतं; हातातल्या बांगड्या आपोआप मनगटावरून घसरायला लागल्या. मोबाईल दोनदा माशासारखा सुळकन निसटला. तिसऱ्यांदा धरला तेव्हा पडद्यावर केरबा होते, त्यांचे मालक, सैन्यातले रिटायर्ड हवालदार.

"अगं, तोंडावरचा लाईट बंद कर की. काय दिसंना."

"लाईट न्हाई आवं. मीच हाय ती."

पुढच्या सकाळी मायानं दोघींच्या दंडांवरून हात फिरवला. "अंग म्हणतंय पुरे, आणि तोंड म्हणतंय आण. मला काही कळेना झालंय," ती म्हणाली. तिनं पेले भरले, तेवढ्यात बाहेर पेशंट आला. "संपवा, मी आलेच."

दोघी पेल्यांवरून एकमेकींकडं बघत बसल्या. मग भामाबाई उठल्या. "मी जरा हिंडत पिते. हिंडताना चव लागती."

त्या गेल्या, आणि मनुबाईंना वाटलं, हीच वेळ. पदराखाली पेला झाकून त्या मागच्या दारानं मोरीकडं निघाल्या.

मागच्या पायरीखाली भामाबाई उकिडव्या बसल्या होत्या. पुढ्यात एक तांबडं कुत्रं.

"पी रं बाबा. पी की. तुझ्या पाया पडते."

कुत्र्यानं पेल्यात नाक घातलं, जोरात शिंकलं आणि मागं सरकत सरकत भिंतीला जाऊन टेकलं.

मनुबाईंनी तोंडात पदर कोंबला, पण हसू कुठलं थांबतंय! "तांब्यानं पिता न्हवं, ईनबाई?"

भामाबाई दचकून उठल्या. त्यांची नजर पदराखालून डोकावणाऱ्या पेल्यावर गेली. "आन तुमचा का भरल्याला? कुत्र्याला दुसरी खेप आणली व्हय?"

मग काय! दोघी पायरीवर बसल्या त्या हसून हसून एकमेकींच्या अंगावरच कलंडल्या, आणि अंग इतकं गुळगुळीत की कुणाला कुणाचा आधार लागेना. कुत्रं लांबून बघत होतं.

"कवापासनं नकोसं झालंय?" डोळे पुसत मनुबाईंनी विचारलं.

"काल सकाळधरनं. तुमाला?"

"मला बी."

"मग बोलला का न्हाई?"

"तुमी बोलाल म्हणून वाट बघत हुते की."

माया दारात उभी होती. सगळं ऐकलं होतं तिनं. "रोज सकाळी मी काय विचारत होते गं तुम्हाला? किळस आली की तूप लागू पडलं, हीच तर खूण! आणि तुम्ही दोघी तीच लपवून बसलाय? आता खरं सांगा. काल पोट कितींदा सुटलं?"

"तीन डाव," मनुबाई म्हणाल्या.

"माजं चार," भामाबाईंनी लगेच सांगितलं.

"ह्यात तरी मागं राहा की, ईनबाई!"

मायाला रागवायचं होतं, पण तिलाच हसू फुटलं. तिनं दोन्ही पेले ताब्यात घेतले. "बंद. आता तुपाचा एक थेंब नाही." एवढं गोड वाक्य मनुबाईंनी सुनेच्या तोंडून लग्नापासून ऐकलं नव्हतं. दुपारी मिठाची पातळ पेज त्यांनी अशी भुरकली, की जणू सणाचं जेवण.

पुढं मालिश झाली, वाफ झाली, आणि जुलाबाचं औषध दिलं त्या दिवशी एकाच संडासापायी दोघींची जी धावपळ उडाली ती सांगण्यासारखी नाही. त्या दिवशीही दोघी हसत होत्या, फक्त दाराच्या दोन बाजूंनी. पायांची खाज उतरली होती. पथ्य पाळा, महिन्यानं पुन्हा दाखवा, असं मायानं बजावलं.

केरबा जीप घेऊन न्यायला आले. मनुबाईंची पिशवी भामाबाईंच्या पिशवीशेजारी ठेवलेली.

"मी कवठ्याला चालले ईनबाईंकडं. आठवडाभर."

"आन माझं जेवान?"

"मिलिट्रीत काय उपाशी हुता?"

केरबांनी सुनेकडं बघितलं. सून वर बघायला लागली. शेवटी त्यांनी गपचूप दोन्ही पिशव्या गाडीत टाकल्या. मिरज गेली, ऊस मागं पडला, माळ सुरू झाला, आणि मागच्या सीटवर दोघींचं तोंड एकदाही मिटलं नाही. रस्ता कुठला म्हणून केरबांनी दोनदा विचारलं, कुणी ऐकलंच नाही. कवठ्यात घरापुढं उतरल्यावर भामाबाई विहिणीला हाताला धरून आत घेऊन गेल्या. केरबा जीपला टेकून उभे राहिले. बऱ्याच वेळानं आत कुणाला तरी आठवलं, की त्यांनाही चहा विचारायला हवा.