ताईच्या पोटातलं

आमच्या बाइंडिंगखान्यात पाऊल टाकलं की आधी खळीचा वास यायचा आणि मग कटिंग मशीनचा दणका ऐकू यायचा. लांबलचक टेबलाशी आम्ही बायका बसायचो. कुणी छापील कागदांच्या घड्या घालायचं, कुणी घड्या जुळवायचं, कुणी शिवायचं. माझी थोरली बहीण शिवायला होती. आई गेल्यावर तिनेच मला वाढवलं, स्वतःचं लग्न राहून गेलं तरी कधी बोलून दाखवलं नाही आणि मी हाताशी आल्यावर मला तिथे कामाला लावलं. दोऱ्याला मेण किती चोळायचं, कागद न फाटता टाका कसा ओढायचा, हे सगळं मी तिच्याकडून शिकले. अजूनही एखादं जुनं पुस्तक हातात आलं की मी आधी त्याची पाठ उघडून शिलाई बघते.

कटिंग मशीनवर पातेमामा असायचे. दिवसभर पात्याशी काम, आणि जीभही त्याच धारेची. माणूस वाईट नव्हता, पण तोंडात आलेला विनोद त्यांना गिळता यायचा नाही.

माझं लग्न ठरलं तेव्हा मालकांनी सगळ्यांना क्रीमचा केक दिला. खाऊन थोडा वेळ झाला आणि ताई बसल्या जागी वाकली. उजव्या बरगडीखाली मूठ दाबून धरली, चेहरा पांढराफटक.

"काय ताई," पातेमामा मशीनवरूनच ओरडले, "धाकटीचं जमलं म्हणून पोटात दुखायला लागलं की काय?"

सगळं टेबल हसलं. मीही हसले. ताईसुद्धा वाकल्या वाकल्या हसली.

विनोद तिथेच संपला असता, पण पुढे माझ्या मुलीच्या जन्माची पार्टी झाली आणि ताईच्या पोटात दुखलं. मला शिलाईच्या टेबलाची मुख्य केलं, तेव्हाही दुखलं. ती जागा खरं तर तिची होती, पण तिचे डोळे अधू झाले होते. प्रत्येक वेळी पातेमामांचं तेच वाक्य, आणि आता ते पूर्ण करायचीही गरज उरली नव्हती. "सुरू झालं का?" एवढं विचारलं तरी बायका तोंडाला पदर लावायच्या. ताई "पित्त झालंय गं" म्हणून सोडा प्यायची आणि खाली मान घालून शिवत राहायची.

घरी ती एकटीपुरतं काहीतरी उकडून खायची. तिथे तिला काही व्हायचं नाही. त्यामुळे दुखणं यायचं ते आनंदाच्या दिवशीच, चारचौघांत.

हळूहळू ती माझ्याकडे चांगल्या दिवशी येईनाशी झाली. नवं घर घेतलं, आली नाही. मीही तोंड फुगवलं. मनात म्हटलं, मामा बोलतात त्यात काहीतरी असणारच.

मग माझ्या मुलीला पहिली नोकरी लागली. मुलगी स्वतः मावशीला आणायला गेली, तेव्हा कुठे ताई आली. पातेमामाही होते, बाकी टेबलही होतं. मी बटाट्याचे काप तळले होते, केक आणला होता. ताईने बशी पुढे केली, संपवली, पुन्हा पुढे केली.

"अगं, बस कर," मी म्हटलं.

"का? माझ्या भाचीची नोकरी आहे! मला किती आनंद झालाय!" हे ती माझ्याशी बोलत होती, पण बघत होती पातेमामांकडे. मामा म्हणाले, "वा ताई, आज पोट खूश दिसतंय!" त्यावर तिने केकचा आणखी एक तुकडा उचलला.

संध्याकाळी तिला हुडहुडी भरून ताप आला. उलट्या थांबेनात. दुसऱ्या दिवशी डोळे हळदीसारखे पिवळे, लघवी कोऱ्या चहासारखी. मी रिक्षा करून तिला इस्पितळात नेलं. वाटेत ती एकच वाक्य म्हणत होती, "चिमणे, मला माफ कर." मला वाटलं, तापात बरळतेय.

डॉक्टरीणबाईंनी पोट दाबून पाहिलं. "छातीत जळजळ? आंबट ढेकर?"

"नाही."

"दुखणं पाठीत जातं? उजव्या खांद्याकडे?"

"हो."

"आणि कशानंतर दुखतं?"

ताई माझ्याकडे वळून म्हणाली, "तू जरा बाहेर जा." मी पडद्याबाहेर उभी राहिले. पडदा तो पडदाच, ऐकू सगळं येत होतं.

"हिचं काही चांगलं झालं की दुखतं, डॉक्टर. माझं मनच काळं आहे. लेकरासारखी वाढवली आणि तिचं सुख मला बघवत नाही. कितीदा ठरवलं, पण पोट ऐकतच नाही."

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "बरं. आणि काही चांगलं झालं की खाता काय?"

मी पडद्याची कड घट्ट धरली.

पित्ताशय खड्यांनी भरलं होतं. तेलकट, तुपकट खाल्लं की ते आकसायचं आणि खडे त्याच्या तोंडाशी अडकायचे. आता एक खडा पुढे सरकून पित्तनळीत रुतला होता, म्हणून कावीळ. आत पू झाला होता. डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या, "फार उशिरा आणलंत. वाचतील असं आज सांगू शकत नाही." मी मान हलवली. उशीर कुणामुळे झाला, हे त्यांनी विचारलं नाही.

ऑपरेशन करून पित्ताशयच काढून टाकलं. ताप उतरायला बरेच दिवस लागले, पण उतरला.

पातेमामा भेटायला आले. टोपी हातात चुरगाळत पलंगाशी उभे राहिले. "ताई, माझं बोलणं पोटात घाला."

"घालते की," ताई क्षीण आवाजात म्हणाली. "आत्ताच जागा झालीय."

मामांना हसता आलं नाही. तसेच मागे फिरले आणि कॉरिडॉरमधल्या बाकावर कितीतरी वेळ बसून राहिले.

ते गेल्यावर ताई छताकडे बघत होती. "चिमणे, म्हणजे मला तुझ्या सुखाचा आनंदच होत होता का गं? इतकी वर्षं?"

"होतच होता. खड्यांचं दुखणं होतं ते. ऐकलंस ना?"

"ऐकलं. पण तुला मुख्य केलं ना, त्या दिवशी दुखलं होतं."

"त्या दिवशीही केकच होता, ताई."

"केक दुपारी आला," ती म्हणाली. "मला सकाळपासून दुखत होतं."

तिचा हात चादरीवर पालथा पडला होता. मी तो उचलून माझ्या मांडीवर घेतला. तिने काढून घेतला नाही.