हिरवी खूण

मेडशीच्या फाट्यावर एसटीतून उतरल्यावर विजयमालाबाई तांड्याकडे चालू लागल्या. वाटेनं त्या एकच वाक्य घोकत होत्या, "बेटा, चूक तुझी नाही, माझी आहे." ते सुकेशनीला सांगायचं आणि तिला परीक्षेला परत आणायचं, एवढ्यासाठीच त्या आल्या होत्या.

सुकेशनी त्यांची जुनी विद्यार्थिनी. सातवीत असताना तिनं बेडकाचं हृदय फळ्यावर इतकं सुरेख काढलं होतं की बाईंनी ते आठ दिवस पुसू दिलं नव्हतं. पुढे बाई निवृत्त झाल्या आणि वाशीमच्या कॉलेजात विद्यापीठाचा डिजिटल आरोग्याचा वर्षभराचा कोर्स सुरू झाला. खेड्यातल्या मुलींना समजेल असं शिकवणारं कोणी मिळेना, म्हणून तिथल्या लोकांनी बाईंना बोलावलं. पहिल्याच दिवशी पहिल्या बाकावर सुकेशनी बसलेली. "बाई, तुमीच का?" म्हणून ती केवढी हसली होती.

दसऱ्यानंतर बाई मुलींना घेऊन प्रात्यक्षिकासाठी याच तांड्यावर आल्या होत्या. गरोदर बायांची नोंद मोबाइलवर करायची, सोबतची नर्स रक्ताचा नमुना घेणार. सुकेशनीच्या वाट्याला तिचीच वहिनी आली, धनीबाई. सहावा महिना लागलेला.

"वहिनी, फोन नंबर सांग."

"माह्याजवळ कुठचा फोन? तुह्या भावानं मले अजून धड चप्पल नाई घेऊन देल्ली, फोन कुठून देईन!"

सगळ्या मुली खिदळल्या. पण नंबराशिवाय पुढचं पान उघडेना. सुकेशनीनं बाईंकडे पाहिलं.

"घरातल्या कोणाचाही टाक, बेटा," बाई म्हणाल्या. "रकाना रिकामा ठेवू नये."

सुकेशनीनं बापाचा, उदयसिंगचा नंबर टाकला. एकही रकाना रिकामा नाही म्हणून बाईंनी तिला दहापैकी दहा दिले.

तिसऱ्या दिवशी ऊसतोडीचा ट्रक आला. धनीबाईला दिवस गेलेले म्हणून ती मागे राहिली आणि तिचा नवरा करण बापासोबत गेला. आठव्या दिवशी रक्ताचा अहवाल आला. रक्त फार कमी, तातडीनं दवाखान्यात या, असा संदेश सुटला आणि कॉलेजातल्या संगणकावर धनीबाईच्या नावापुढे हिरवी खूण उमटली. हिरवी खूण म्हणजे निरोप पोचला. हे बाईंनीच हिरव्या खडूनं फळ्यावर काढून शिकवलं होतं. खूण हिरवी दिसली, म्हणून पुढं कोणी विचारलंच नाही. निरोप पोचलाही होता, दूर उसाच्या फडात, उदयसिंगच्या खिशात. त्याला अक्षर येत नव्हतं.

पौषात धनीबाई बाळंत झाली. रक्त थांबेना. गाडीत घातली, पण ती वाशीमपर्यंत पोचली नाही. पोरगी तेवढी राहिली.

आज बाई पोचल्या तेव्हा सुकेशनी ओट्यावर त्या पोरीला मांडीवर घेऊन वाटी-चमच्यानं दूध पाजत होती.

"या बाई. बसा."

"पेपर पंधरा दिवसांवर आलेत, बेटा."

"हिले कोण पाहीन?" ती मान वर न करता म्हणाली. "आन् मले तिथं बसवणार नाई आता. स्क्रीन उघडली का मले वहिनीच दिसते."

"सुकेशनी, त्या दिवशी तो नंबर..."

"हळू बोला, बाई. बा घरात हाये." तिनं मागं वळून पाहिलं. "बाच्या फोनमदला निरोप म्या पाह्यला. त्याले काईच ठाऊक नाई. रोज म्हनते, मी इथं असतो तं सुनेले खांद्यावर घालून नेली असती. आता कसं सांगू त्याले, का बा, निरोप तं तुह्याच खिशात होता?"

बाईंच्या ओठावरचं वाक्य तिथंच राहिलं. कबूल केलं असतं तर त्यांचं काळीज थोडं हलकं झालं असतं. पण ते ओझं मग आत बसलेल्या म्हाताऱ्याच्या डोक्यावर गेलं असतं.

तेवढ्यात उदयसिंग बाहेर आलाच. हातात बटनांचा जुना फोन.

"रामराम, बाई. बरं झालं आल्या. पोरगी येवढी शिकली, पन बापाचा फोन वाचून देत नाई. डोये दुखते म्हनते! निरोपाचा डबा भरला म्हनते फोनचा. करण फडावर गेला परत, त्याचा निरोपच येऊन नाई राह्यला. फालतूचं पुसून द्या. पन वाचून पुसजा हो, कामाचं जायले नोको."

बाईंनी चष्मा लावला. एकेक संदेश वाचायचा, पुसायचा. रिचार्ज. लॉटरी. बियाण्याची जाहिरात. आणि मग तो आला. धनीबाई करण, रक्त फार कमी, तातडीनं.

"थांबल्या काहून? हे कायचं हाये?"

सुकेशनीच्या हातातला चमचा पोरीच्या ओठाशी थांबला होता. सबंध नोकरीत बाईंनी कोणत्याच लेकराला खोटं उत्तर दिलं नव्हतं. नाही आलं तर 'उद्या पाहून सांगते' म्हणायच्या.

"रिचार्जचंच," त्या म्हणाल्या.

"मंग पुसा ना, बाप्पा!"

फोननं विचारलं, नक्की पुसायचं? त्यांनी 'हो' दाबलं. चमचा पुन्हा हलू लागला. सुकेशनीच्या डोळ्यांतलं पाणी टपकन वाटीत पडलं. तिनं ते दूध बाजूला ठेवलं.

टुंग, फोन वाजला.

"पाहा!" उदयसिंग खूश झाला. "जागा झाली तं आलं लगेच. करणच असन."

करणनं कोणाकडून तरी लिहून घेतलं होतं. बाईंनी वाचलं, "पोरगी दूध पेते का?"

"पेते म्हनून लिवा."

बाईंनी एकेक बटण दाबत लिहिलं, 'पेते'. पाठवलं. फोनवर अक्षरं उमटली, संदेश पोचला.

"पोचलं का, बाई?"

बाईंनी ती अक्षरं पुन्हा एकदा वाचली.

"पोचलं म्हणतोय, भाऊ," त्यांनी फोन त्याच्या हातात दिला. "तरी एकदा फोन लावून विचारा."