काडीमोडातली काडी

कोर्टाच्या कागदावर 'विवाह-विच्छेद' लिहिलं होतं, वकील 'तलाक' म्हणायचे आणि इंदूआत्या आपली 'काडीमोड'च धरून बसली होती. मला शब्दांच्या मुळाशी जायची वाईट खोड. स्वतःचा संसार मोडायला निघाले तरी डोक्यात भुंगा एकच, की यातली काडी कोणती?

दुसऱ्या दिवशी सौंसरच्या कोर्टात तारीख होती. बाबांनी सोबत यावं, एवढंच मला हवं होतं. पण ते अडून बसले होते. माझ्या दंडावरचे वळ पाहूनही "थांब थोडी, सुधरते तो" हेच त्यांचं पालुपद. मला त्यांचा भयंकर राग येत होता.

आत्या ओसरीत संत्री निवडत होती. बाबा पलीकडे पेपर वाचत होते.

"आत्या, काडीमोडात काडी कायची असते वं?"

"साधी वाळली काडी, बाई. पंचासमोर नवरा-बायकोनं दोन टोकं धरायची अन् मोडायची. कटकन मोडली का सुटले दोघं."

"तुले कसं माहीत?"

"माही होऊन राहिली होती ना."

मी बघतच राहिले. आत्या तर नवरा मरेपर्यंत सावरगावलाच नांदली होती.

"मोडलीच नाई," ती म्हणाली. "पऱ्हाटीची काडी, ओली निघाली. वाकली, पिरगाळली, पन साल तुटेना. पंच म्हणाले, देवाच्या मनात नाई. गेली मी परत मार खायला."

कपाशीची ओली साल किती चिवट असते, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. मी विचारलं, मग ओली काडी आणली कोणी?

आत्या संत्री निवडतच राहिली. उत्तर पलीकडून आलं.

"मी आनली होती," बाबा म्हणाले. "हिरवी पाहूनच तोडली. वाटलं, बहिणीचा संसार वाचते."

"मले माहीत होतं, दादा," आत्या म्हणाली. "हातात घेतली तवाच समजलं. म्या तुह्याकडं पाहिलं, तर तू खाली पाहून राहिला होता."

बाबांनी पेपराची घडी घातली आणि उघडून पुन्हा घातली. माझा राग कमी झाला नाही, पण आत्यासाठी मला रडू आलं.

सकाळी बसला निघाले तर बाबा अंगणात चपला घालून उभे.

"चाल," एवढंच म्हणाले.

आम्ही फाटकाबाहेर पडलो, तेव्हा मागून आत्यानं हाक मारली.

"दादा, या टायमाले खाली पाहू नोको."